सात वाजून चार मिनिटं

खडेबाजारात शिलाईच्या दुकानावर एक खोली,
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे,
आणि एक टेबल, पॉलिश फक्त समोरच्या बाजूला.
इथं मी बसतो, सात ते साडेसात.
वर कोट, टाय.
टेबलाखाली घरातली चप्पल.

बावीस वर्षं एक सुरकुती चालली नाही मला.
आता कॅमेऱ्यामागून नदाफचा पोरगा म्हणतो,
"सर, जरा सैल बसा की. परेडला आलाय काय?"

शिकतोय.
तिकडं बातमी वर जायची, एकाच माणसाकडं:
किती, कुठं, केव्हा, खात्री आहे का.
खात्री नसली तर तसं सांगायचं, त्यात लाज नव्हती.
इकडं ती खाली उतरते, केबलच्या काळ्या वायरीतून
वडगावच्या मागांपाशी, शहापूरच्या पेढ्यांवर,
हिंडलग्याच्या तुरुंगातसुद्धा,
आणि पलीकडून कुणी "समजलं" म्हणत नाही.
पहिल्या आठवड्यात बटाट्याचा दर वाचून
मी चुकून "ओव्हर" म्हणालो होतो.
पोरं हसून लोळली.

मालक हुक्केरी म्हणतात,
"मेजर, बॉर्डरचं काही आलं की तुम्हीच. आवाज जरा चढवा."
कुठली बॉर्डर, ते मी विचारत नाही.
एक बर्फातली, तिथं माझ्या उजव्या पायाची दोन बोटं राहिली.
एक इथली, दुकानाच्या पाटीवर
कुठली ओळ वर, कुठली खाली, एवढ्यावर पेटणारी.
साडेसातला कन्नड बातम्या. खुर्ची तीच.
मी उठताना म्हणतो, "बर्री, ताई,"
गिरिजा अंगडी म्हणते, "बसा की अजून,"
आणि माझ्या श्वासानं कोमट झालेला माइक
स्वतःकडं वळवून घेते.

मंगळवारी सहा बावन्नला कागद आला.
नाव. गाव बेकिनकेरे. वय चोवीस.
"पहिलं आपल्याकडंच आलंय," हुक्केरी म्हणाले.
"घरी कळवलंय?"
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे काम मी चार वेळा पायी केलंय.
जीप गल्लीच्या तोंडाशी सोडायची.
टोपी सरळ करायची.
एका दारात बाई पीठ चाळत होती,
मी बोलायच्या आधीच चाळण थांबली.
सांगताना उभं राहायचं असतं,
नंतर बसायचं, ती माणसं बसवतील तेवढा वेळ.
चहा आला तर प्यायचा, गोड असला तरी.
पडद्यातून हे जमत नाही.
पडद्यातला माणूस सांगतो आणि जाहिरात लागते.

सातला सुरू केलं:
राकसकोपची पातळी, पाणी आता चार दिवसांनी,
तिसऱ्या रेल्वे गेटला खोळंबा.
सात वाजून चार मिनिटांनी तो कागद वर आला.
मी तो पालथा घातला.
कानात हुक्केरी, "वाचा. अहो, वाचा की!"
मी हवामान वाचलं.
मग पुढचं पान नव्हतं हाताशी,
म्हणून हवामानच पुन्हा वाचलं,
किमान, कमाल, आर्द्रता,
इतकं सावकाश, की नदाफचा पोरगा
कॅमेऱ्यामागून डोकं काढून बघायला लागला.

सात बावीसला दुसऱ्या चॅनलनं पट्टी चालवली.
गाव बरोबर, नाव चुकलेलं.

स्कूटर काढली तशीच, कोटावर.
उचगावच्या पुढं रस्ता काळोखात.
घरी सगळे टीव्हीसमोर बसलेले,
आणि आई मला बघून चक्क हसली,
मोठ्या संकटातून सुटल्यावर हसतात तशी.
"तुम्ही टीव्हीतले की! या, या.
आत्ताच बघितलं. जीवच गेला होता आमचा.
पण नाव दुसऱ्याच कुणाचं तरी दाखवलेत सर,
आमचा नव्हे की तो.
होय ना?"

माझा हात डोक्याकडं गेला.
टोपी नव्हती.
मी चप्पल काढली, उंबऱ्याशी,
आणि उभा राहिलो.