वर्षाला एक पत्र

जून आला की पाकीट येतं.
आत कोरा कागद आणि छापील सूचना:
आडनाव लिहू नये. पत्ता लिहू नये.
'परत ये' लिहू नये.
सहीच्या जागी 'बाबा' नको, नुसतं नाव चालेल.
म्हणून वर्षातून एकदा मी
माझ्याच मुलीसाठी
डेल होतो.

मायन्यात टिली लिहितो.
त्या घरात या नावाला अजून कुणी वळतं का,
कोण जाणे.

कर्स्टी कागदाला हात लावत नाही.
सिंकपाशी उभी राहून घासलेलाच तवा घासते.
काय लिहू, मी विचारतो.
"कुत्र्याचं लिही."

तर कुत्र्याचं.
बिस्किट म्हातारा झालाय, जिना चढत नाही.
ग्रिम्स्बीत यंदा वारा फार.
मी अजून मासळीच्या कारखान्यातच, रात्रपाळीला.
(नाक धरून माझ्या मांडीवर बसायचीस:
हे लिहिलं, मग खोडलं.
आठवणी बेतानं, असंही सूचनांत आहे.)

चूक आमची नव्हती असं मी म्हणत नाही.
त्या मंगळवारी फ्रिजमध्ये अर्धा कांदा होता
आणि तीन बाटल्या. ते त्यांनी लिहून घेतलं.
आदल्या रात्री तिला ताप होता,
कर्स्टी तिला खांद्यावर घेऊन उजाडेपर्यंत फिरत होती,
ते कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत.
दोन वर्षं. तीन. चार वर्षं दोन महिने.
त्यावरच्या माझ्या, अंदाजाने.
शेजारच्या मॅक्सीनची पोरगी टिलीच्याच वयाची.
कुंपणाच्या कितव्या फळीला तिचं डोकं लागतं
ते बघून ठेवतो, मग घरात येऊन टेपने मोजतो.
मॅक्सीनला कळलंय बहुतेक.
परवा पोरीला हाक मारून कुंपणाशी उभं केलं,
आणि उभ्याउभ्या तिची वेणी घालत राहिली,
सोडून पुन्हा घातली.

मागच्या महिन्यात कौन्सिलची माणसं चौकटी बदलायला आली.
गळ्यात ओळखपत्र असलेल्या कुणाशीही
कर्स्टी पाच वर्षं बोललेली नाही.
तव्यासकट दारात उभी राहिली.
"ही राहू दे."
पोरगा विशीतला. रेघांकडे पाहिलं त्याने,
आणि कागदावर 'दुरुस्तीची गरज नाही' लिहून
पुढच्या घरी गेला.

पत्र झालंच आहे. एकच ओळ अडली आहे:
तुझी उंची आता किती?
हे विचारलेलं चालेल का, म्हणून फोन केला.
बाई म्हणाल्या, बघून सांगते.

जून संपत आलाय.