एकाच पत्त्यावर

अडतीस वर्षं मी या डोंगरात टपाल वाटलं,
आधी पायी, मग सरकारी मोपेडवर.
एकशे सत्तर दारं पाठ होती मला,
कुत्र्यांच्या नावांसकट.
आता अकरा दारं उघडतात
आणि पत्रं येतात ती बहुतेक मलाच.

ब्रागान्साच्या इस्पितळातून.
एक हृदयाकडून, एक किडनीकडून.
डोळ्यांच्या विभागाचं, आठ महिन्यांनंतरची तारीख घेऊन.
साखरेचं वेगळं. गुडघ्याचं वेगळं.
जणू मी माणूस नाही, आळी आहे,
आणि या आळीतले शेजारी
एकमेकांशी बोलत नाहीत.

हृदयवाला म्हणतो, पाणी मोजून प्या, एर्मिनियू.
किडनीवाली म्हणते, कोरडे पडू नका.
गुडघ्याला जी गोळी खरंच लागू पडायची
तीच तिने लाल शाईने खोडली.
चाला, लिहितो साखरवाला.
कशावर, ते लिहीत नाही.

पलीकडच्या घरात देओलिंदा. एक्क्याऐंशी.
तिला कडेकडेचं दिसतं,
मधोमध राखेचा डाग.
शिवाय दमा, शिवाय थायरॉइड,
आणि हाडं अशी की शिंकायचीही भीती.
मला वाकता येत नाही.
म्हणून सकाळी आठला मी तिच्या गोळ्या वाचून देतो
आणि ती माझ्या बुटांच्या नाड्या बांधते, चाचपून.
एक ना धड, भाराभर चिंध्या,
पण आठ वाजता दोघांचं मिळून
एक माणूस उभं राहतं.
(एकदा तिची पांढरी गोळी माझ्या डबीत गेली.
माझी तिच्या.
दुपारी बारापर्यंत दोघंही झोपून.
पोईपर कुठून पाव आणणाऱ्याच्या गाडीने
हॉर्न वाजवून वाजवून गाव जागं केलं,
म्हणजे आम्हा दोघांना.)

गुरुवारी मी लघवीची गोळी घेत नाही.
गुरुवारी बस. दोन तास, नुसती वळणं,
आणि ड्रायव्हर नवा, थांबत नाही.
मग पाय सुजतात.
डॉक्टर अंगठा दाबतो, खड्डा तसाच राहतो,
आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघतो.
गोळी नेमाने घेता ना?
घेतो, म्हणतो मी.

मागच्या महिन्यात आरोग्याच्या गाडीतून इवोन आली,
नर्स, नातीच्या वयाची.
सगळी औषधं तिने टेबलावर ओतली,
चौदा खोकी, दोन मुदत संपलेली,
एक माझ्या मेलेल्या भावाचं.
मग विचारलं, यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त
काय सोसवत नाही?

असं कोणी विचारलं नव्हतं.
मी बराच वेळ विचार केला.
म्हटलं, पलंगापासून संडासापर्यंतचं अंतर. रात्रीचं.
ती हसली नाही. तिने लिहून घेतलं.
ते कुठल्या विभागाला पाठवलं, कोण जाणे;
अजून तरी उत्तर नाही,
आणि टपालाला किती दिवस लागतात
हे मी सोडून कोणाला सांगणार?

नोव्हेंबर आला. चुलीवर चेस्टनट तडकतात.
सहाच, असं साखरेचं पत्र म्हणतं.
देओलिंदा मोजून माझ्या ताटलीत टाकते.
अंधारात नाडीची गाठ अचूक मारणारी ही बोटं
चेस्टनट मोजताना
सहाचे नऊ करतात.
मी तिच्या गोळ्या वाचतो.
ताटली वाचत नाही.