साडेतीन फूट

म्हापशाच्या स्टँडवर, चहाच्या ओल्या टेबलाशी
लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
रिसॉर्टात उतरलो तर वॉटरपार्क फुकट, नाश्ता फुकट,
खोली चौदा हजार, वर टॅक्स.
प्रणिता म्हणाली, "फुकट म्हणजे केवढ्याला?"

मग हणजूणला, पार्कच्या मागच्या भिंतीला लागून
फिलोमेनाबाईंची खोली. अठराशे.
जादा गादीचे दोनशे
त्यांनी ओजसचे पाय बघून सोडून दिले.

गच्चीवरून निळी घसरगुंडी दिसायची.
संध्याकाळी तिचं पाणी बंद करत,
तरी पोरगं बघत बसलं, जेवण निवेपर्यंत.

सकाळी फाटकावर उंचीची पट्टी.
साडेतीन फुटांच्या आत अर्धं तिकीट,
आणि मोठ्या घसरगुंडीला
साडेतीन पूर्ण हवेत.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला,
जरासा दाबलाही.
हाताखाली त्याच्या टाचा उचललेल्या कळल्या.
खिडकीतला माणूस पेन धरून थांबला होता.

"तीन पूर्ण," मी म्हणालो.

दुपारी तिघांत दोन राइसप्लेट,
सोलकढी एकच, फिरवत फिरवत.

रात्री प्रणिताने लाइटबिल काढलं,
खर्चाच्या खाली त्याची उंची लिहिली,
तारीख घातली.
बेरजेत धरली नाही.