फर्म्याचा घोळ

शनिवार खुटाच्या रद्दीवाल्यानं
ते तराजूत टाकलं: एक किलो दोनशे ग्रॅम.
पुठ्ठा जाड आहे म्हटलं तर
पुठ्ठ्याचेही पैसे लावले.
अमेरिकेत छापलेली कादंबरी. आत कुणीतरी
एकतीस पानांपर्यंत पेन्सिलीनं
अवघड शब्दांचे अर्थ लिहिलेले.
बत्तिसाव्या पानापासून समास कोरा.
तो माणूस तिथंच बसला असणार.
मी त्याला ओलांडून पुढं निघालो.

उद्यमबागेत माझी दुसरी पाळी.
हात लेथवर, डोक्यात ही कादंबरी,
जिच्यात एक माणूस नळ दुरुस्त करायला निघतो
आणि दोनशे पानं तळटीपेत अडकतो.
तळटीपेला तळटीप, तिच्या पोटात यादी,
यादीत एक पत्र, तेही उलटं छापलेलं.
मी पुस्तक गोल फिरवून धरलं की
बायको विचारते,
"वाचालाईस काय गाडी चालवालाईस?"

खरं सांगायचं तर निम्मं कळलं नाही.
पण न कळण्याची सवय आहे मला.
शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो,
तो मी बोट ठेवून वाचतो,
अडलं की शेजारच्या बसवण्णेप्पाकडं नेतो.
तो अर्थ सांगतो, आणि त्यावर
स्वतःचं मत, आणि मतावर चहा.
त्या उताऱ्याची एवढीशी ओळ
संध्याकाळ खाते.

नायकाचं नाव दर शंभर पानांनी बदलतं.
वाचनालयातले हणबर सर म्हणाले,
"ही लेखकाची फार मोठी युक्ती."
मी पाकीट काढलं.
रेशनकार्डावर भैरू. आधारावर बैरु.
शाळेच्या दाखल्यावर भैरवनाथ.
पीएफच्या कागदावर बायरू,
आणि आडनावाच्या जागी बापाचं नाव.
युक्ती कुणाचीच नाही, सर.
टाइप करणाऱ्याला जेवायला जायची घाई होती.
सर हसले नाहीत.

मग चारशे सोळानंतर
पुन्हा चारशे एक.
तोच माणूस, तीच पान्याची पिशवी, तेच बंद दार.
सोळा पानं जशीच्या तशी,
स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही,
आणि नंतर थेट चारशे तेहेतीस.
आठवडाभर मी त्या दारापुढं उभा.
पहिल्यांदा आला तेव्हा त्याला घंटी वाजवायचा धीर नव्हता.
दुसऱ्यांदाही नाही. पण दुसऱ्यांदा
मला ते आधीच ठाऊक होतं,
आणि थांबवता येत नव्हतं.
दुसऱ्या रेल्वे गेटला, मालगाडी जाईस्तोवर,
स्कूटरवर बसून मी रडलो एकदा.
मागचा हॉर्न वाजवत होता.

शहापूरचे बायंडर अब्दुलगनी चाचा.
त्यांनी पुस्तक हातात घेतलं,
वाचलं नाही, शिवण बोटानं चाचपली.
"युक्ती कसली बे? फर्म्याचा घोळ हाय हा.
एक फर्मा दोनदा शिवलाय, एक राहिलाय.
पाळी संपत आली असंल त्या पोराची."

मला लेखकाचा राग यायला हवा होता,
नाहीतर त्या पोराचा.
आला तो चाचांचा आला.
माझं रडू त्यांनी
खळीच्या डब्याशेजारी ठेवून दिल्यासारखं वाटलं.
मी म्हटलं, बघा की नीट एकदा.
ते म्हणाले, "बघितलं की.
कोरा फर्मा घालून देऊ? साठ रुपये."

दिले.
आठ कागद, सोळा पानं, इतकी पांढरी
की शेजारची पानं एकदम म्हातारी दिसली.
त्यांवर मी काही लिहिणार नव्हतो.
दार उघडलं का, आत कोण होतं,
ते मी ठरवणं बरं नव्हे.

परवा बघतो तर पहिल्या कोऱ्या पानावर
बायकोनं दुधाचा हिशेब मांडलेला:
दोन लिटर, दोन लिटर, दीड,
नऊ तारखेला दूध नाही.
आधी ओरडणार होतो.
मग खुर्चीत बसलो
आणि नऊ तारखेला दूध का नव्हतं
ते आठवत आठवत
चारशे तेहेतिसाव्या पानावर आलो.