पैरा

वडूजच्या स्टँडामागं काशीदाच्या दुकानात
माझा अर्धा गाल साबणात होता
तेव्हा टीव्हीवर झेंडे आले, ओळीनं, चौतीस का पस्तीस.
कुठल्याशा लढाईला निघालेली आघाडी.
शेवटून तिसऱ्या झेंड्यापुढं आकडा: सात.
सात माणसं.
गजा म्हणाला, "आमच्या बँजो पार्टीत बारा हायत."
सगळे हसले.
वस्तरा गळ्याशी होता, मी हललो नाही.

मी बघितलीत अशी माणसं.
निळी टोपी घालून तेरा महिने काढले
तांबड्या मातीच्या एका मुलखात, सिग्नलचा हवालदार म्हणून.
आमच्या छावणीच्या कडेला त्यांचे दोन तंबू.
अकरा जण.
देशाचं नाव सांगत नाही,
सांगितलं तर नकाशात शोधाल
आणि शोधणारं बोटच त्याच्यावर बसेल.

त्यांना गाडी नव्हती, आमच्या ट्रकमधनं जायचे.
पाणी आमच्या टँकरचं, डिझेल दुसऱ्याचं,
बूट तिसऱ्याच्या गोदामातले, एक नंबर मोठे,
पुढं कापूस कोंबलेला.
सुभेदार फडतरे करवादायचे,
"मदतीला आलेत का सांभाळायला दिलेत?"
खोटं नव्हतं ते.
पण पुलावरचा रात्री दोन ते चारचा पहारा
कुणालाच नको असायचा, तो त्यांचा.
तेरा महिन्यांत नोंदवहीचा तो रकाना
एकदाही कोरा नाही.

त्यांचा कॅप्टन लोमे. मी सेटवर असलो की यायचा,
घरचा आवाज लागतोय का बघायला.
लागला नाही की बसून राहायचा.
म्हणाला, आमच्या देशात डॉक्टर सहा.
मोठ्यांचं पत्र आलं, वैद्यकीय तुकडी द्या.
सभागृह रात्रभर बसलं.
तुकडी म्हणजे किती, यातच कोंबडं आरवलं.
एक डॉक्टर द्यावा
तर उत्तरेच्या बेटावरच्या बाळंतिणी चार तास होडीत.
नाही म्हणावं
तर धक्का कोण बांधून देणार,
वादळात विमान कुणाचं येणार?
नाही म्हणायलाही अंगात वजन लागतं, हवालदार.
शेवटी डॉक्टर ठेवला
आणि बंदरावरचे पोलीस पाठवले. अकरा.
"मग आता बंदरावर कोण?"
"माझा सासरा," तो म्हणाला.
मी हसलो. तो नाही.

तेव्हा मला आमची पारूआत्ती आठवली.
एक बैल तिचा.
एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून पैऱ्यात.
पहिल्या दिवशी तो बैल येरळेकाठच्या मोठ्या पट्टीत
सहा बैली नांगराला, मधल्या जोडीत.
दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या मळ्यात.
तिसऱ्या दिवशी सरपंचाच्या मेव्हण्याच्या.
फाळ मोडला तर पहिली शिवी तिच्या बैलाला.
तिची पाळी येईतो वाफसा उडालेला,
ढेकळं अशी की पायानं फुटायची नाहीत.
तरी पुढच्या साली दावं सोडायचीच.
मी लहान होतो, विचारलं, कशाला देतीस गं?
"सहात माझा एक हाय," म्हणाली.
मग बराच वेळ बैलाच्या खांद्याला हळद लावत राहिली.

लोमेचं पुन्हा काही कळलं नाही.
एकदा रेडिओवर त्या बाजूच्या वादळाची बातमी होती,
देशाचं नाव वाचताना बाई अडखळली.
विमान गेलं का, ते बातमीत नव्हतं.

काशीदानं दुसरा गाल घेतला.
टीव्हीवर आता कांद्याचा भाव.
गजाचं डोकं अजून तिथंच,
"आण्णा, सात माणसं काय करणार हो तिथं जाऊन?"
"रात्रीचं दोन ते चार," मी म्हणालो
आणि कानामागं राहिलेला साबण
रुमालानं पुसला.