बर्फ फुटण्याच्या तारखा

नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवा लागतो.
ताउनो मीठदाणी बाजूला सारून
नकाशा पसरतो. मुलीच्या शाळेतला, जुना,
त्यात अजून सोव्हिएत संघ आहे
आणि आम्हाला हवं ते बेट नाहीच.
मॉरिशसच्या उजवीकडे, निळ्या रिकाम्या जागेत
त्याने पेन्सिलीनं ठिपका दिला.
"इथे," म्हणाला. "साधारण."

रोव्हानिएमीपर्यंत गाडी, तिथून हेलसिंकी,
पॅरिसला सहा तास बाकावर,
मग रात्रभर आफ्रिकेच्या डोक्यावरून,
शेवटी पंख्याचं एक बारकंसं विमान.
एकतीस तास.
बत्तीस वर्षं रस्त्यांवरचा बर्फ लोटणारा माणूस
एकतीस तास काहीच न चालवता
कसा बसणार, कोण जाणे.

खोली पाण्यावरची घ्यायची की बागेतली?
पाण्यावरच्या खोलीला काचेची जमीन,
पायाखालून मासे जाताना दिसतात.
ताउनो म्हणाला, मासे मी नदीला भोक पाडून बघतो. फुकट.
बागेतली ठरली.
जेवण धरून की नाश्त्यापुरतं, यावर मात्र
आम्ही चार दिवस बोललो नाही.

पत्रं मी लिहिते. तिकडून मारीव्होन उत्तर देते,
आरक्षणाच्या खिडकीतली. तिचा चेहरा मी
हळूहळू मनानेच बनवलाय.
मी विचारलं, रात्री समुद्राचा आवाज किती येतो?
आमच्याकडे बर्फ सगळे आवाज पिऊन टाकतो,
ह्यांना निजायला तेवढं सामसूम लागतं.
तिने लिहिलं, बाई, खरं सांगू, मला माहीत नाही.
तो आवाज नसताना मी कधी झोपलेच नाही.

आणि खाली, वेगळ्या ओळीत:
फेब्रुवारीत येऊ नका. वादळांचे दिवस.
गेल्या खेपेला आमच्या शेळ्यांच्या गोठ्याचं छप्पर
शेजाऱ्याच्या मक्यात सापडलं.
मे महिन्यात या. मी असं लिहिलं हे
मॅनेजरला कळू देऊ नका.

मे.
ताउनोने पेन्सिल खाली ठेवली.
उठून कपाटाचं दार उघडलं, कपांचं,
आणि आतल्या बाजूला बघत उभा राहिला.
तिथे त्याने लग्नाच्या वर्षापासून लिहून ठेवलंय,
आमच्या दारासमोर नदीचा बर्फ कधी फुटला:
अकरा मे, सात मे, चौदा, नऊ,
एका वर्षी नुसतंच "रात्री, झोपलो होतो"
आणि त्यापुढे एक शिवी.

सात महिने आम्ही ज्या थंडीला कंटाळतो
ती ज्या आठवड्यात मोडते
नेमका तोच आठवडा स्वस्त निघावा!
पहाटे तोफ डागल्यासारखी ती पहिली भेग,
मग घराएवढाले तुकडे एकमेकांवर चढत जातात,
कुणाची तरी होडी, कुणाचं न्हाणीघर घेऊन,
आणि सगळं गाव काठावर, हातात थर्मास,
कुणी कुणाशी बोलत नाही.

मी म्हटलं, नको जायला.
तो म्हणाला, कोण म्हणतं नको?
मी म्हटलं, मग जाऊ.
तो म्हणाला, तसंही मी म्हटलं नाही.
हो-नाही करता करता कॉफी दोनदा उकळली.

काल तिकिटं काढली. सहा मे ते वीस मे.
पैसे परत मिळणार नाहीत, असं लाल अक्षरांत होतं,
ते त्याने मोठ्याने वाचलं.
पलीकडच्या आइलीला सांगून ठेवलंय
बर्फ फुटायला लागला की फोन लाव,
काही बोलू नकोस, नुसता नदीकडे धर.

आता तो खिडकीशी बसून हिशेब मांडतोय,
परदेशात फोन घेतला तर मिनिटाला किती पडतात,
आणि एक नदी फुटायला
किती मिनिटं लागतात.