पट्ट्याची परीक्षा

माझ्या एका खिशात चिंचोके, दुसरा रिकामा.
दर दहा पावलांना एक, इकडून तिकडं.
तालुक्याच्या दवाखान्यानं दिलेले सहा पट्टे
सहा मनगटांवर, आणि माझ्याजवळ तक्ता :
यंत्राचा आकडा, माणसाचा आकडा, फरक.

पर्वता नन्नावरे रोवण्यात होती.
रोवणारी बाई मागं मागं सरकते,
हिरवं पुढ्यात सोडत.
बांधापासून बांधापर्यंत पट्ट्यानं मोजली
चारशे बारा पावलं.
माझे चिंचोके एकशे सोळा.
"काहून वं म्याडम, उलटं चालनं हा धरत नाई का?"
सगळी रांग हसली, वाकलेलीच.
मी लिहिलं : फरक, सातशे अठ्ठेचाळीस.

ऋषी गेडाम बंडीवर बसून आला,
खाली खताची पोती, पुढं बैल, वाटभर दगड.
पट्टा म्हणाला, दोन हजार नव्वद, शाब्बास.
"बैलाले बांधा हे," ऋषी म्हणाला,
"मजुरी त्याची हाय."

झोप मात्र चिंचोक्यांनी मोजता येत नाही.
म्हणून पहाटे दारोदार विचारत फिरले :
डोळा कधी लागला, कधी उघडला.
पर्वताचा आकडा सगळ्यांत सुंदर.
सात तास चाळीस मिनिटं, दोन तास गाढ,
शंभरापैकी ब्याऐंशी गुण.
मी मोबाइल पुढं केला. ती चूल फुंकत होती.

"नातवाले ताप होता. याच हातावर झोपला.
हात हालवला का रडे.
मंग हाललोच नाई मी.
कोंबडा आरवेपर्यंत कवेलू मोजत होतो."

हलली नाही, म्हणजे झोपली.
यंत्राला असं वाटलं,
आणि दारातून पाहिलं असतं
तर मलाही वाटलं असतं.

'झोप : शून्य' लिहिलं.
शेऱ्याला जागा बोटभर.
त्यात 'डावा हात' एवढंच बसलं.

पट्टा सोडवला तेव्हा त्याच्याखाली
वाळका चिखल निघाला,
चिखलात धानाचं केसाएवढं मूळ.
ओट्यावर पोरगा बसला होता, ताप उतरलेला,
मुठीत काहीतरी खुळखुळवत.

मूलच्या बसमध्ये खिसे रिकामे करून मोजले.
चार चिंचोके कमी.
म्हणजे चाळीस पावलं,
आणि तक्त्यात माझ्या चुकीसाठी
रकाना नव्हता.